ब्लॉग वाचतो एक, शेतात करतो दुसरा

शिरपूर तालुक्यातल्या एका कृषी पदवीधर ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "चौदा महिने कपाशीवर ब्लॉग लिहिते आहे. साठेक लेख झाले. रोज शे-दीडशे लोक वाचतात, पण माझ्याच गावात एकानंही फरदड (हंगाम संपल्यावरही रानात राखलेली कपाशी) मोडली नाही. तिकडे कुणाचा तरी एका मिनिटाचा व्हिडिओ लाखभर लोक बघतात. ब्लॉगनं विचार खरंच पसरतो का? आणि लिहिणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं ते कशानं?"

ताई, मी चोपडा तालुक्यातला. केळी आणि पाणी या दोनच विषयांवर २००८ पासून लिहितोय. त्याआधी दहा-बारा वर्षं ठिबक बसवणाऱ्यांबरोबर शिवारं तुडवली. उत्तर लांबेल आणि मधेमधे बांधावरून घसरेल, ते सांभाळून घ्या.

तुम्ही दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेत. विचार पसरणं ही एक गोष्ट, लिहिणाऱ्याच्या शब्दाला वजन येणं ही दुसरी. बरीच वर्षं मलाही दोन्ही एकच वाटायच्या. त्या वेगळ्या आहेत हे मला यावल तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात कळलं.

झालं असं. माझ्या सुरुवातीच्या लेखांपैकी एक होता ठिबकच्या पाण्याचं माप घरच्या घरी कसं घ्यायचं यावर. ड्रिपरखालची माती जरा उकरा, तांब्या ठेवा, पंधरा मिनिटांनी काढा. ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर एक लिटर पाणी जमायला हवं. नळीच्या तोंडाशी एक माप घ्या, शेवटाला एक घ्या, दोन्हींत मोठा फरक आला तर नळ्या धुवायची वेळ झाली. एवढंच. लेख लिहून चार वर्षं झाली होती. त्या दुकानात मी खताची चौकशी करायला गेलो, तर काउंटरमागच्या भिंतीवर एक झेरॉक्स चिकटवलेली. माझाच लेख. खाली माझं नाव होतं ती ओळ कापलेली. आणि 'तांब्या' या शब्दावर पेनानं काट मारून वर लिहिलेलं: 'लिटरची रिकामी बाटली, गळा कापून'.

मला राग आला. नाव कापलं याचा आला, आणि माझ्या मजकुरात हात घातला याचा जास्त आला. मी दुकानदाराला विचारलं, हे कुणी लिहिलंय? तो म्हणाला, "हे? हे तं सगळ्यांनाच माहीत आहे भो."

घरी येताना गाडीवर डोकं शांत झालं. बाटली तांब्यापेक्षा बरी होती. तांब्यावर माप नसतं, लिटरच्या बाटलीत ते आपोआप येतं. कुणीतरी माझा लेख वाचला, करून बघितला, सुधारला आणि दुसऱ्यासाठी भिंतीवर लावला. 'सगळ्यांनाच माहीत आहे' म्हणजे विचार पोचला. त्याला आता माझी गरज उरली नव्हती. पसरताना विचाराचं नाव असं गळून पडतं, आणि बहुतेक वेळा ते गळतं म्हणूनच तो पुढे जातो. तुम्ही लिहिलेलं तुमच्या नावाशिवाय कुणी सांगत असेल तर ती चोरी वाटेल, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं 'हो' हे उत्तर तिथंच आहे.

मग वजन कुठून येतं? त्यासाठी आधी हे बघू, की कोणता विचार वजनाशिवाय चालतो आणि कोणता चालत नाही.

माझी तांब्याची गोष्ट कुणालाही पंधरा मिनिटांत तपासता येत होती. सांगणारा कोण याच्याशी कर्तव्य नाही. करून बघा, खोटं निघालं तर पाण्याचा तांब्या तेवढा सांडेल. तुमचा 'फरदड मोडा' हा सल्ला त्याच्या बरोबर उलट्या टोकाचा आहे. डिसेंबरअखेर उभी कपाशी काढून टाकायची, म्हणजे डोळ्यांसमोर लागलेली बोंडं सोडायची. त्याचा फायदा दिसणार पुढच्या वर्षी, तोही 'गुलाबी बोंडअळी कमी आली' असा. न आलेली अळी दाखवायची कुणाला? वर आणखी एक अडचण: एकट्यानं मोडून भागत नाही. शेजारच्या वावरात फरदड उभी राहिली तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत जगायला घर मिळतंच. तुमच्याकडचे एखादे काका तुम्हाला म्हणालेच असतील, "पोरी, तू सांगस ते खरं शे, पन मन्हा शेजारना मोडस का?" त्या काकांना अडाणी समजू नका. त्यांचा हिशोब चोख आहे.

एव्हरेट रॉजर्स नावाचे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ होते, विचारांच्या प्रसारावरचं त्यांचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. नवी गोष्ट लोक पटकन कधी उचलतात याची त्यांनी पाच कारणं दिली आहेत: आधीपेक्षा फायदा दिसला, आपल्या रीतीत बसली, समजायला सोपी असली, थोड्यावर करून बघता आली आणि दुसऱ्यानं केलेली डोळ्यांना दिसली तर. 'फरदड मोडा' पाचांपैकी चारांत नापास होतं. समजायला तेवढं सोपं आहे. आणि पुढे येऊ शकणारं संकट टाळणारे उपाय सगळ्यात मंद पसरतात हेही त्यांनी नोंदवलंय.

आता आपल्याच भागातलं उलटं उदाहरण घ्या. रावेर-यावल पट्ट्यात बसराई केळी पिढ्यान् पिढ्या लावली जायची. मग टिश्यू कल्चरची ग्रँड नैन रोपं आणि ठिबक आले, आणि बघता बघता पट्टा बदलला. तेव्हा कुणाचा ब्लॉग होता? सगळे घड एका वेळी, एका उंचीवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत होते. सावद्याच्या बाजारात नेलेला माल दिसत होता. एका कोपऱ्यात पाचशे रोपं लावून बघता येत होती. असा विचार लेखाशिवायच धावतो. लेखाची खरी गरज असते ती न दिसणाऱ्या, मंद, सामूहिक गोष्टीला, आणि नेमकं तिथंच लेख एकटा पुरत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी संकरित मक्याचा असा माग काढला होता. त्यांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांना विचारलं, त्यांतल्या दोघांखेरीज सगळ्यांनी नवं बियाणं घेतलेलं होतं. पण १९२८ ते १९४१ एवढा काळ त्यात गेला, आणि हे बियाणं उघड उघड जास्त पिकणारं होतं! बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्यांकडून लागली, पटलं मात्र शेजाऱ्यामुळे. मी हे वाचलं तेव्हा तांब्याच्या झेरॉक्सची आठवण झाली. ब्लॉग फार तर खबर देणारा. पटवणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि त्याच्या हातात आपण काय देतो यावर सगळा खेळ आहे.

तर तो दुसरा कोण? तुमचे शे-दीडशे वाचक कोण आहेत, हे तुम्ही कधी बघितलंय? आकडा नको, माणसं विचारतोय. माझा अंदाज सांगतो, कारण माझं तसंच निघालं. तीन-चार वर्षं मी समजत होतो की शेतकरी माझं वाचतात. मग लेखाखाली आणि फोनवर आलेल्या प्रश्नांची एक वही केली. त्यातले निम्म्याहून जास्त लोक पुणे, नाशिक, सुरतेला नोकरी करणारे निघाले. हिंजवडीत बसलेला मुलगा रात्री अकराला लेख वाचतो आणि सकाळी आठला बापाला फोन करतो, "आबा, पोंग्याचा, त्या न उलगडलेल्या पानाचा, फोटो पाठवा." वाचणारा एक, करणारा दुसरा. मधे फोनवरची दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तुमच्या बाराशे शब्दांतली किती वाक्यं टिकतात?

हे कळल्यावर माझं लिहिणं बदललं. प्रत्येक लेखात एक वाक्य असं असलंच पाहिजे जे मुलगा बापाला फोनवर सांगू शकेल, आणि बाप पारावर दुसऱ्याला. ते वाक्य माझ्या भाषेत नाही, बापाच्या भाषेत हवं. 'सिंचनाच्या एकसमानतेचे मूल्यमापन' फोनवरून जात नाही. 'शेवटच्या ड्रिपरखाली बाटली ठेवून बघा' जातं.

आणखी एक गंमत. आपल्याकडे खानदेशात कानबाईच्या सणाला, म्हणजे रोटांना, बाहेरगावची पोरं गावी येतात. श्रावणातली नागपंचमी झाली की पुढचा रविवार. भाऊबंद सगळे एका ओसरीवर. तुमच्या कपाशीला त्याच सुमारास पात्या-फुलं लागलेली असतात आणि बोंडअळीच्या डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलणारी फुलं, दिसायला लागतात. डोमकळीवरचा लेख त्या रविवारच्या आठवडाभर आधी टाका. वाचणारा आणि करणारा वर्षातून एकदा एकाच बांधावर उभे असतात, ती संधी सोडू नका. केळीच्या बुंध्याशी फुटणारी 'पिलं कापण्या'च्या माझ्या लेखानं जेवढं काम पाच वर्षांत केलं नसेल तेवढं एका कानबाईला केलं, कारण तीन चुलतभाऊ तो लेख मोबाइलवर धरून थेट बागेत गेले. विळा एकाच्या हातात, मोबाइल दुसऱ्याच्या, आणि तिसरा दोघांना नावं ठेवणारा.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये असं मांडलं होतं की नवी माहिती जवळच्या घट्ट नात्यांतून कमी आणि दूरच्या सैल ओळखींतून जास्त येते, कारण जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. आपल्या भाऊबंदकीला हे निम्मंच लागू पडतं असं माझं मत. खबर सुरतेहून येते, कबूल. पण विळा हातात घेतला जातो तो चुलतभाऊ शेजारी उभा असतो म्हणून.

आता आकड्यांचं दुःख. लाखभर लोकांनी बघितलेला व्हिडिओ आणि तुमचे दीडशे वाचक. इंटरनेटवर लिहिणारे अमेरिकी लेखक क्ले शर्की यांनी २००३ मध्ये ४३३ ब्लॉगांची मोजणी करून दाखवलं होतं की त्यांच्याकडे येणाऱ्या एकूण दुव्यांपैकी निम्मे पहिल्या ५० जणांकडेच जातात. यात कुणाची लबाडी नसते. लोक आधीच माहीत असलेल्याकडे जातात, त्यामुळे मोठा आणखी मोठा होतो. चावडीवरही ज्याच्याभोवती चार माणसं उभी असतात तिकडेच पाचवा जातो. म्हणजे तुम्ही आणि मी कायम शेपटातच राहणार. मग शेपटातून काही हलतं का?

हलतं, पण कोण वाचतं यावर ते ठरतं. ५ डिसेंबर २००२ ला अमेरिकी सिनेटर ट्रेंट लॉट एका ज्येष्ठ सिनेटरच्या शंभराव्या वाढदिवसाच्या समारंभात बोलले, आणि त्या बोलण्यातून वंशभेदाच्या जुन्या राजकारणाची भलामण झाली. समारंभाला पत्रकार हजर होते, तरी मोठ्या वर्तमानपत्रांनी सुरुवातीला ते फारसं मनावर घेतलं नाही. जोश मार्शल यांच्यासारखे थोडे ब्लॉगलेखक मात्र विषय सोडेनात. त्यांचे वाचक वर्तमानपत्रांच्या मानानं मूठभर, पण त्या मुठीत पत्रकार होते. २० डिसेंबरला लॉट यांनी पक्षाचं सिनेटमधलं नेतेपद सोडलं. पंधरा दिवसांत.

एवढ्या लांब कशाला, आपल्या बहिणाबाई बघा. आसोद्याची लेक, जळगावच्या चौधरींची सून, लिहिता-वाचता न येणारी बाई, शेतात आणि जात्यावर ओव्या रचत होती. त्या ओव्या त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या, तरी वही घरातच होती. ती आचार्य अत्र्यांच्या कानावर पडली आणि १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यावर वर्षाच्या आत, पुस्तक होऊन सगळ्या महाराष्ट्रात गेली. ओव्यांचा कस आधीही तोच होता. एक माणूस मधे आला, ज्याच्याकडे महाराष्ट्राचे कान होते.

तुमच्या कपाशीचे अत्रे कोण? मुंबईत शोधू नका. तुमच्या तालुक्यात जिनिंगवाला आहे, बियाणं-औषधाचा दुकानदार आहे, दूध सोसायटीचा सचिव आहे, गावोगाव फिरणारा फवारणीवाला आहे. असे दहा-बारा लोक तुमचं वाचायला लागले तर लाखाच्या व्हिडिओकडे बघायचीही गरज नाही. फवारणीवाल्याला मी सगळ्यात वर ठेवीन. तो दिवसाला तीन शिवारं बघतो आणि त्याला बोलायला आवडतं.

आता वजनाकडे येतो. इथं मला माझी चूक सांगावी लागेल.

एका पावसाळ्यात मला केळीच्या लहान रोपांच्या पानांचे फोटो आले. पिवळट पट्टे. मी फोटोवरून लिहून टाकलं की सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता आहे, अमुक फवारा. लेख टाकला, लोकांनी वाचला, काहींनी फवारणी केली. तो हरण्या निघाला, म्हणजे काकडीवर्गीय पिकांवरून मावा किडीमार्फत केळीत येणारा विषाणू. हरण्याला फवारून उपयोग नसतो. रोगट रोप मुळासकट उपटून पुरायचं, तेही दिसताक्षणी. माझ्या लेखामुळे काही जणांचे आठ-दहा दिवस गेले, आणि तेवढ्यात मावा या रोपावरून त्या रोपावर फिरला. एका तरुणानं फोन करून मला नीट ऐकवलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं.

बघायला गेल्यावर फरक ढळढळीत होता. कमतरता असेल तर ओळीच्या ओळी साधारण सारख्या दिसतात. हरण्यात चार रोपं धडधाकट, पाचव्याला पट्टे, मग पुन्हा सात रोपं साफ. तुटक पट्टे, पान आखडलेलं, पोंगा वाकडा. फोटोत एकच रोप होतं. मी शेजारची रोपं मागायला हवी होती.

लेख काढून टाकावा असं मला वाटलं. दोन मित्रांनीही तेच सुचवलं. मी ठेवला. वरती ठळक अक्षरांत, तारखेसह लिहिलं: 'हा सल्ला चुकीचा होता. कुणी अजून फवारत असेल तर थांबा.' खाली जुना मजकूर तसाच, कशावरून चुकलो ते सांगून, शेजारच्या रोपांच्या फोटोंसह. मला वाटलं आता कुणी विचारणार नाही. त्यानंतर फोन वाढले. 'तुम्ही चुकलं तं सांगता' हे मला निदान पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. तो तरुण आज माझ्या वहीतला सगळ्यात जुना नंबर आहे. लेख टाकण्याआधी मी फोटो त्याला पाठवतो.

ब्लॉगची खरी ताकद मला इथं दिसते. प्रत्येक लेखाला तारीख असते आणि कायमचा पत्ता असतो. फॉरवर्डला दोन्ही नसतं. व्हिडिओ आज दिसतो, परवा खाली जातो, आणि त्यात मधलंच एक वाक्य दुरुस्त करायची सोय नसते. ब्लॉगवर माणूस मागे जाऊन बघू शकतो की हा तीन वर्षांपूर्वी काय म्हणाला होता आणि पुढे काय झालं. तो मागोवा म्हणजेच वजन. म्हणून जुने लेख पुसू नका, त्यांच्यावर काम करा. मी दर उन्हाळ्यात, लागवडीची गडबड सुरू व्हायच्या आत, दहा जुने लेख उघडतो आणि वरती दोन ओळी घालतो: या वर्षी काय वेगळं दिसलं. नवे दहा लेख लिहिण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे आणि जास्त उपयोगी.

वाचक थोडे म्हणून हे वजन कमी भरतं असंही नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते, तेव्हा ते मुलांसाठी हातानं लिहून रोजचा अंक काढत. छापखाना नाही, वसतिगृहाच्या भिंतींपलीकडे वाचक नाही. पण लिहिणारा रोज त्याच मुलांबरोबर जेवायला होता. लिहिलं एक आणि वागला दुसरं, असं झालं असतं तर संध्याकाळच्या पंगतीतच उघडं पडलं असतं. तुमचंही तेच आहे. तुमच्या घरची फरदड मोडली का, हे गावाला तुमच्या साठ लेखांपेक्षा जास्त माहीत असेल. मोडली नसेल तर तेही लिहा, वडील का नाही म्हणाले ते लिहा. मी तो लेख सगळ्यात आधी वाचीन.

एका औषध कंपनीचा माणूस मागे माझ्याकडे आला होता. लेखात त्यांचं नाव घालायचं, बाकी मजकूर माझा. पैसे बरे होते. मी नाही म्हणालो, त्यात थोरपणा काही नव्हता, हरण्याची जखम ताजी होती. तुम्हालाही असा माणूस भेटेल. घ्यायचं तर घ्या, पण लेखाच्या पहिल्याच ओळीत तसं सांगून टाका.

मोजायचंच असेल तर एक माप सांगतो. २०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर, म्हणजे आवडत्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणारी सोय, बंद झालं आणि माझे नेमानं वाचणारे एका दिवसात विखुरले. तेव्हापासून वाचक दुसऱ्याच्या कोठारात ठेवायचे नाहीत असं ठरवलं. वहीत नंबर, आणि नवा लेख व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर. ब्रॉडकास्टची गोम अशी की ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे किती जणांना लेख पोचला यावरून कळतं की किती जणांनी तुम्हाला नाव देऊन ठेवलंय. माझ्याकडे वहीतल्या चारशेपैकी पहिल्या खेपेला जेमतेम साठ निघाले. एकानं 'केळी सर' म्हणून ठेवलाय, एकानं 'ठिबक तांब्या'. हा दुसरा मला फार आवडतो.

शीर्षकांचं एक राहिलं. तुमचे चार-पाच लेख उघडून बघितले. 'गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन' हे परीक्षेच्या पेपरातलं वाटतं. वावरात उभा माणूस मोबाइलला तोंड लावून विचारतो, "कपाशीचं फूल उमलत का नाही?" तेच शीर्षक ठेवा. मजकुरात डोमकळी हा शब्द आणा, पाकळ्या अळीनं आतून जाळ्यानं शिवून टाकल्यात हे सांगा आणि एक फूल उलगडून आतली अळी दाखवा. टंकलेखन युनिकोडमध्येच करता हे बरं आहे. आमच्या वेळी अर्धे लोक जुन्या फाँटात लिहायचे आणि दुसऱ्याच्या संगणकावर सगळी मुंगळ्यांची रांग दिसायची.

आता फरदडीकडे परत. ती मोडा म्हणून आणखी एक लेख लिहू नका. तो विचार वजनावर चालणारा आहे आणि वजन अजून जमायचंय. आधी तपासता येणाऱ्या गोष्टी द्या. एकरात २० हिरवी बोंडं फोडून बघा, दोनांत अळी निघाली तर दहा टक्के झाली, आता उपाय करायची वेळ. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले तर जागे व्हा. हे सगळं घरच्या घरी होतं, खर्च किरकोळ, आणि तुमच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. जो माणूस तुमच्या सांगण्यावरून वीस बोंडं फोडतो आणि त्याला आत अळी सापडते, तो पुढच्या वेळी तुमचं न तपासता ऐकायला थोडा तयार होतो. अशी दोन हंगामांची बोंडं फुटली की मग फरदडीचा विषय काढा. तेव्हाही उपदेश नको, हिशोब लिहा: शेवटच्या वेचणीचा कापूस किती आला, मजुरी किती गेली, त्या रानात हरभरा किंवा मका घेतला असता तर काय झालं असतं, आणि पुढच्या वर्षी फवारण्या किती वाढल्या. आकडे तुमच्या घरचे. 'शेजारना मोडस का' या प्रश्नाला लेखात उत्तर नाही, ते एकाच शिवारातले चार बांधकरी एकत्र बसवूनच मिळेल. त्या बैठकीला मात्र तुमचा छापलेला हिशोब कामी येईल.

तुमच्या गावात एकानंही मोडली नाही म्हणता. साठ लेखांपैकी गावातल्या कुणी काही वेगळं केलं का, हे विचारून बघा. सापळा कुणी लावला का? फुलं कुणी तोडून जाळली का? बहुतेक तो म्हणेल, हे तर सगळेच करतात. कुठून कळलं ते त्याला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

या वर्षीच्या कानबाईआधी डोमकळीचा लेख टाकाल तेव्हा मला दुवा पाठवा. फोटो तुमच्याच वावरातला असू द्या, पाठीमागे शेजाऱ्याचा बांध दिसला तर आणखी बरं. माझ्या ब्रॉडकास्टवर टाकतो. 'ठिबक तांब्या'वाल्याचं सासर शिरपूरकडचंच आहे.